‘साठ’ की ‘आठ’? रेडिओवर बोललेला आकडा कानापर्यंत नीट कसा पोहोचतो

पावसाळ्यातली रात्र आहे असं समजा. वीज गेलीय, मोबाईलचा टॉवर बंद पडलाय. नदीकाठच्या वस्तीवर एका घरात सेलवरचा रेडिओ चालू आहे. निवेदक सांगतो, धरणातून साठ हजार क्युसेकने विसर्ग सुरू करण्यात आला आहे. नेमकी त्याच वेळी खरखर येते.

“आठ म्हणाला का साठ?” आजी विचारते.

घरात दोन मतं पडतात. आठ हजार असेल तर जनावरं गोठ्यातच राहू द्यायची. साठ हजार असेल तर आत्ताच्या आत्ता दावी सोडायची आणि वरच्या अंगाला जायचं. फरक एका अक्षराचा, पण सगळं घर त्यावर अवलंबून.

रेडिओवर हा घोळ होऊ नये म्हणून स्टुडिओतल्या माईकपासून तुमच्या कानापर्यंत आवाजावर बरीच कामं केली जातात. तो दाबला जातो, उचलला जातो, गाळला जातो, कधी कधी मुद्दाम वाकवलाही जातो. ही कामं नीट झाली तर ‘साठ’ हा साठच ऐकू येतो. चुकली तर आवाज दणदणीत येतो, पण शब्द कळत नाही. हे सगळं नेमकं कसं होतं, ते ‘साठ’ या एकाच शब्दाच्या मागे जाऊन समजून घेऊया.

फरक फक्त एका ‘स’चा

एक छोटा प्रयोग करा. गळ्यावर बोटं ठेवा आणि लांब ‘आऽऽ’ म्हणा. गळा थरथरतो. आता लांब ‘सऽऽ’ म्हणा, पुढे स्वर न लावता. गळा शांत असतो. दातांच्या फटीतून नुसती हवा सुटते.

आवाज म्हणजे हवेची थरथर. एका सेकंदात किती वेळा थरथर होते, ते हर्ट्झमध्ये मोजतात. हजार हर्ट्झ म्हणजे एक किलोहर्ट्झ. ‘आ’ हा भरदार स्वर. त्याची बहुतेक ताकद दीड किलोहर्ट्झच्या खालीच असते. ‘स’ची ताकद मात्र साधारण चार किलोहर्ट्झच्या वर, अगदी आठ किलोहर्ट्झ आणि त्याहीपुढे पसरलेली असते. शिवाय ‘स’ हा ‘आ’पेक्षा बराच अशक्त असतो.

म्हणजे ‘साठ’ आणि ‘आठ’ यांना वेगळं करणारा जो एकमेव आवाज, तोच सगळ्यात बारीक आणि सगळ्यात उंच पट्टीतला. खरखर आली की आधी तोच बुडतो. ‘श’, ‘फ’, ‘थ’, ‘ख’ यांचंही थोड्याफार फरकानं असंच आहे. स्वरांमुळे आवाज मोठा वाटतो, पण शब्द कळतो तो व्यंजनांमुळे. रेडिओच्या आवाजाची सगळी कारागिरी या एका गोष्टीभोवती फिरते.

जुन्या रेडिओत ‘स’ का हरवायचा?

गावोगावी आधी आला तो मध्यम लहरींचा, म्हणजे एएम रेडिओ. त्यात आवाजाच्या चढउतारानुसार लहरींची ताकद कमी-जास्त केली जाते. ही लहर रात्री शेकडो किलोमीटर जाते, हा तिचा मोठा गुण. पण दोष दोन आहेत.

पहिला दोष जागेचा. भारतात मध्यम लहरींवर दोन केंद्रांमध्ये ९ किलोहर्ट्झचं अंतर धरलेलं असतं. एवढ्याशा जागेत आवाज बसवायचा म्हणजे पाच किलोहर्ट्झच्या आसपास तो कापावाच लागतो. साध्या रेडिओ संचात तर त्याहून कमीच बाहेर येतो. ‘स’ची मुख्य वस्तीच चार किलोहर्ट्झच्या वर, म्हणून तो अर्धामुर्धाच पोहोचतो.

दुसरा दोष खरखरीचा. वीज कडाडली, मोटर पंप सुरू झाला, ट्यूबलाइट लुकलुकली की त्यातून निघणाऱ्या लहरीही ताकदच कमी-जास्त करतात. रेडिओला कळत नाही की ही ताकद निवेदकाची आहे की विजेची. तो दोन्ही ऐकवतो.

एफएमने काय बदललं?

अमेरिकन अभियंता एडविन आर्मस्ट्राँग यांनी यावर वेगळी वाट काढली. १९३३ साली त्यांना रुंद पट्ट्याच्या एफएम तंत्राचं पेटंट मिळालं. लहरीची ताकद तशीच ठेवायची आणि आवाजानुसार तिची गती, म्हणजे फ्रिक्वेन्सी, मागेपुढे हलवायची, ही त्यांची कल्पना. रेडिओ संचाला फक्त हे मागेपुढे हलणंच बघायला सांगितलं की ताकदीत होणारे बदल, म्हणजेच बरीचशी खरखर, तो सरळ छाटून टाकतो. भारतात एफएमची सुरुवात २३ जुलै १९७७ रोजी तेव्हाच्या मद्रासमध्ये आकाशवाणीने केली.

एफएमवर आवाजाला १५ किलोहर्ट्झपर्यंत मोकळी वाट मिळते. ‘स’ आरामात बसतो. पण इथेही एक मर्यादा आहे, आणि पुढची सगळी गोष्ट त्या मर्यादेची आहे.

समजा एखादं केंद्र १०० मेगाहर्ट्झवर आहे. आवाज मोठा झाला की लहर या आकड्यापासून जास्त लांब हलते, बारीक झाला की कमी. हे हलणं दोन्ही बाजूंना जास्तीत जास्त ७५ किलोहर्ट्झ असा नियम आहे. हा केंद्राचा बांध समजा. बांध ओलांडला की शेजारच्या केंद्राच्या रानात शिरकाव होतो आणि तुमच्या रेडिओतही आवाज फाटतो. म्हणून कितीही जोरात बोललं, ढोल वाजवला, हसलं, तरी बांधाच्या आत राहायचं.

‘स’ला आधीच बळ देण्याची युक्ती

एफएममध्ये उरलीसुरली खरखर उंच पट्टीत जास्त असते. जितकी पट्टी उंच, तितकी खरखर जास्त. म्हणजे ‘स’च्या वस्तीतच ती दाट. यावर एक साधी युक्ती वापरतात. प्रसारण करताना उंच पट्टीचा आवाज आधीच वाढवून पाठवायचा. रेडिओ संचाने तो तेवढाच कमी करून ऐकवायचा. आवाज मूळपदावर येतो, पण वाटेत मिसळलेली खरखर मात्र कमी होते, कारण ती फक्त दुसऱ्याच पायरीतून जाते. पहिल्या पायरीला प्री-एम्फसिस म्हणतात, दुसरीला डी-एम्फसिस.

ही वाढ किती करायची याचं माप ठरलेलं आहे. भारतात आणि युरोपात ५० मायक्रोसेकंद, तर अमेरिकेत ७५. पन्नासच्या मापाने तीन किलोहर्ट्झच्या आसपास वाढ जाणवायला लागते, सहा किलोहर्ट्झवर आवाजाची उंची सुमारे दुप्पट होते आणि पंधरा किलोहर्ट्झवर जवळपास पाचपट.

आता घोळ लक्षात येईल. अशक्त ‘स’ दुप्पट झाला. एखाद्या निवेदिकेचा ‘स’ मुळातच धारदार असेल आणि ती माईकच्या अगदी जवळ बोलत असेल, तर तोच ‘स’ थेट बांधावर जाऊन आदळतो. त्याला आवरायचं, पण मारायचं नाही. त्यासाठी स्टुडिओ आणि ट्रान्समीटर यांच्या मध्ये एक यंत्र बसवलेलं असतं. त्याला ऑडिओ प्रोसेसर म्हणतात.

प्रोसेसरच्या पेटीत चालतं काय?

हे यंत्र म्हणजे चार-पाच कामगारांची टोळीच. प्रत्येकाचं काम वेगळं आणि वेगही वेगळा.

पहिला, पाटकरी. पाटाच्या पाण्यावर जसा पाटकरी असतो, दार हळूहळू वर-खाली करून पाणी एका पातळीवर ठेवणारा, तसा हा. याला एजीसी म्हणतात. समजा मुलाखतीला आलेल्या आजी दबक्या आवाजात बोलतायत आणि निवेदक खणखणीत. एजीसी काही सेकंदांत आजींचा आवाज हळूहळू वर आणतो. मात्र आजी बोलायच्या थांबल्या तरी हा दार उघडतच राहिला, तर पंख्याची घरघर आणि बाहेर आरवणारा कोंबडाही मोठ्यानं ऐकू येतो. म्हणून बोलणं थांबलं की दार आहे तिथेच धरून ठेवायची सोय त्यात असते.

दुसरा, कॉम्प्रेसर. हा पाटकऱ्यापेक्षा चपळ, सेकंदाच्या छोट्याशा भागात हालचाल करणारा. आत येणारा आवाज तीन पायऱ्या चढला तर बाहेर एकच पायरी चढू द्यायची, असा याचा हिशेब असतो. मोठे आवाज दाबले गेले की सगळ्याच आवाजाची पातळी थोडी उचलता येते. त्यामुळे ‘साठ’मधला अशक्त ‘स’ आणि वाक्याच्या शेवटी पडलेला ‘आहे’ही वर येतो. ट्रॅक्टरवर बसलेल्या माणसाला रेडिओ कळतो तो बऱ्याच अंशी याच्यामुळे. ट्रॅक्टरच्या घरघरीत बारीक आवाज बुडतात. कॉम्प्रेसर बारीक आणि मोठा यांतलं अंतरच कमी करतो.

तिसरं काम, पट्ट्या पाडणे. एकच कॉम्प्रेसर सगळ्या आवाजावर लावला तर एक गंमत होते. गाण्यात ढोलाचा ठोका पडला की कॉम्प्रेसर सगळंच दाबतो आणि प्रत्येक ठोक्याला गायकाचा आवाज आत गेल्यासारखा वाटतो. म्हणून आवाजाच्या चार-पाच पट्ट्या पाडतात. खर्जाची वेगळी, मधली वेगळी, उंच वेगळी. प्रत्येक पट्टीला स्वतःचा कॉम्प्रेसर. ढोल वाजला तर फक्त ढोलाची पट्टी दबते, ‘स’ची पट्टी जागेवर राहते.

चौथा, लिमिटर. हा बांधावर काठी घेऊन उभा असलेला राखणदार. कोणताही आवाज ७५ किलोहर्ट्झचा बांध ओलांडू लागला की हा लगेच अडवतो. उंच पट्टीसाठी वेगळा राखणदार ठेवतात, म्हणजे एका ‘स’पायी सगळं वाक्य दाबलं जात नाही. पण हाच राखणदार जास्त कडक झाला तर ‘स’ बोथट होतो, निवेदक बोबडं बोलल्यासारखा वाटतो आणि ‘साठ’चं परत ‘आठ’ व्हायला लागतं.

पाचवा, क्लिपर. लिमिटरच्या हातून निसटलेली टोकं हा कात्रीनं कापतो. थोडी कापली तर कानाला कळत नाही. जास्त कापली तर आवाज चरचरतो, फाटक्या स्पीकरसारखा.

ही सगळी कामं एकमेकांवर परिणाम करतात. अमेरिकेतले अभियंते रॉबर्ट ओर्बन यांनी १९७५ मध्ये ‘ऑप्टिमोड’ नावाचं यंत्र आणलं. त्यात दाबणं, अडवणं आणि स्टिरिओचा सिग्नल तयार करणं एकाच पेटीत जुळवलेलं होतं. त्यानंतर जगभरच्या एफएम केंद्रांत अशी यंत्रं रुळली. आज हेच काम संगणकावर चालणारं सॉफ्टवेअरही करतं.

मोठा आवाज म्हणजे चांगला आवाज नव्हे

इथं एक मोह आड येतो. माणसाच्या कानाला दोन आवाजांतला थोडा मोठा आवाज लगेच ‘चांगला’ वाटतो. चॅनेल बदलत जाणारा माणूस जिथं आवाज दणदणीत तिथं थांबतो, असा केंद्रांचा समज. पण बांध तर सगळ्यांना सारखाच. मग मोठं दिसायचं कसं? सगळं दाबून, टोकं कापून, आवाज कायम बांधाला चिकटवून ठेवायचा. वाऱ्यावर डोलणारं पीक सपासप एका उंचीवर छाटून टाकावं तसं.

याला आवाजाची चढाओढ म्हणतात आणि ती जगभर झाली. तिचा तोटा दोन बाजूंनी होतो. पहिला, कान थकतो. पंधरा-वीस मिनिटांत माणूस कारण न कळता रेडिओ बंद करतो. दुसरा तोटा जास्त महत्त्वाचा. सगळेच आवाज एका उंचीवर आले की ‘स’, ‘ठ’, ‘त’ यांच्या सुरुवातीची धार जाते. शब्दांमधली छोटी शांतता भरून निघते. ‘सात’, ‘साठ’ आणि ‘आठ’ एकमेकांत मिसळतात.

म्हणून युरोपातल्या काही देशांत नुसता बांध पुरेसा मानत नाहीत. एका मिनिटातली सिग्नलची सरासरी ताकदही ठरलेल्या मर्यादेत ठेवावी लागते. सतत बांधाला चिकटून राहणाऱ्याला तिथं आवाज खाली घ्यावाच लागतो.

छोट्या केंद्राची अडचण

आपल्याकडे २००६ च्या धोरणानंतर स्वयंसेवी संस्था आणि कृषी विज्ञान केंद्रांनाही सामुदायिक रेडिओ चालवता येऊ लागला. सातारा जिल्ह्यात म्हसवडची माणदेशी तरंग वाहिनी, पुणे जिल्ह्यात बारामतीची शारदा कृषी वाहिनी ही त्यातली ओळखीची नावं. अशा केंद्राचा ट्रान्समीटर साधारण ५० वॉटचा असतो. जुन्या पिवळ्या बल्बचा साधा आकार ६० वॉटचा, म्हणजे हा त्याहूनही कमी. तो दहा-बारा किलोमीटरपर्यंत पोहोचतो, मध्ये डोंगर आला तर तेवढाही नाही.

एवढ्या ताकदीत आवाजावरचं नीट काम हाच मोठा आधार असतो. मंद कॉम्प्रेसर लावला आणि लिमिटर योग्य बसवला, तर त्याच ५० वॉटमध्ये कडेच्या गावातही बोलणं जास्त स्पष्ट होतं. त्यासाठी महागडी पेटी लागतेच असं नाही. मात्र माईकपाशी झालेली चूक कोणतंही यंत्र पूर्ण भरून काढू शकत नाही. तोंड माईकपासून साधारण एक वीत लांब, थोडं तिरकं. पंखा बंद. मागे गोधडी किंवा जाड पडदा, म्हणजे खोली घुमत नाही. ही तयारी फुकटात होते आणि तिचा फायदा थेट ‘स’ला मिळतो.

स्टिरिओ बंद केल्यावर खरखर का कमी होते?

एफएमवर डावा आणि उजवा असे दोन आवाज एकाच लहरीतून येतात. ते पाठवायची पद्धत हुशारीची आहे. दोघांची बेरीज खालच्या १५ किलोहर्ट्झमध्ये ठेवतात. १९ किलोहर्ट्झवर एक बारीक खूण सोडतात, कानाला न कळणारी. दोघांची वजाबाकी त्याच्या वर, २३ ते ५३ किलोहर्ट्झच्या मजल्यावर बसवतात. काही केंद्रं त्याच्याही वर, ५७ किलोहर्ट्झवर, केंद्राचं नाव अक्षरांत पाठवतात. गाडीच्या पडद्यावर दिसतं ते तेच.

साधा एका स्पीकरचा रेडिओ फक्त बेरीज घेतो. त्याचं काम भागतं. स्टिरिओ संच बेरीज आणि वजाबाकी दोन्ही घेऊन डावा-उजवा वेगळा करतो. पण एफएमची खरखर वरच्या मजल्यावर जास्त असते, हे आधी आलंच आहे. वजाबाकी घेताना ती सगळी खाली उतरते. कागदावरच्या हिशेबानं स्टिरिओत खरखरीची ताकद मोनोपेक्षा शंभर पटींहून जास्त भरते.

म्हणून लांबच्या गावात एफएम ऐकताना खरखर येत असेल तर मोबाईलच्या किंवा गाडीच्या रेडिओत ‘मोनो’ निवडा. बोलणं तेच राहतं, खरखर एकदम खाली जाते. बातम्या, बाजारभाव आणि हवामान ऐकायला डावा-उजवा कशाला लागतो?

डिजिटल रेडिओत ‘स’चं काय होतं?

डिजिटल रेडिओत आवाजाचे आकडे करून पाठवतात. सीडीवरच्या आवाजाला सेकंदाला सुमारे १,४११ किलोबिट लागतात. आकाशवाणीने देशभर मध्यम लहरींवर डीआरएम नावाचं डिजिटल तंत्र आणलं आहे. त्यात एका केंद्राच्या जुन्या जागेत सेकंदाला वीस-पंचवीस किलोबिटच बसतात, कधी त्याहूनही कमी. म्हणजे सत्तर पोत्यांचा माल एका पोत्यात भरायचा.

ते जमतं ते माणसाच्या कानाच्या सवयीमुळे. ढोल वाजत असताना शेजारच्याची कुजबुज ऐकू येत नाही. मग ती पाठवायचीच कशाला? कोडेक नावाची प्रणाली सेकंदाला कित्येकदा हा निवाडा करते आणि जे कानाला जाणवणार नाही ते गाळून टाकते.

‘स’बाबत तर ती आणखी पुढं जाते. जागा फारच कमी असेल तर उंच पट्टीचा आवाज पूर्ण पाठवतच नाही. खालची पट्टी पाठवते आणि सोबत छोटी चिठ्ठी, ‘वर साधारण इतका आवाज होता, असा होता’. तुमचा रेडिओ ती चिठ्ठी वाचून वरचा आवाज स्वतः तयार करतो. म्हणजे डिजिटल रेडिओवर ऐकू येणारा ‘स’ पुष्कळदा निवेदकाच्या तोंडचा नसतो, तुमच्या संचानं बनवलेला असतो. नवीन कोडेकमध्ये बोलण्यासाठी वेगळी पद्धतही आहे. ती माणसाचा गळा आणि तोंड यांचा नमुना धरून चालते. डीआरएमसाठी स्वीकारलेल्या एक्सएचई-एएसी या कोडेकमध्ये ती सोय आहे.

इथं एफएमच्या सवयी घेऊन गेलं तर नुकसान होतं. डिजिटलमध्ये ५० मायक्रोसेकंदांची वाढ लागत नाही, त्यामुळे उंच पट्टीत कात्री चालवायचंही कारण नाही. उलट क्लिपरने फाडलेला आवाज कोडेकला दिला तर ते फाटणंसुद्धा तो माल समजून पोत्यात भरतो आणि खऱ्या आवाजाला जागा कमी पडते. म्हणून एकाच कार्यक्रमासाठी एफएमची आणि डिजिटलची प्रोसेसिंग वेगवेगळी ठेवावी लागते.

किलोबिट वाचवण्याचा मोहही असतोच. ब्रिटनमध्ये डॅब हा डिजिटल रेडिओ १९९५ मध्ये सुरू झाला. पुढं केंद्रांची संख्या वाढली तशी एकेका केंद्राची जागा कमी केली गेली आणि आवाज खालावल्याच्या तक्रारी श्रोत्यांनी वर्षानुवर्षं केल्या. नॉर्वेने २०१७ मध्ये राष्ट्रीय वाहिन्यांचं एफएम बंद करून त्या डिजिटलवर नेल्या, पण तिथं कोडेक नवीन होता.

अडचणीच्या रात्री कोण साथ देतं?

एफएमचा सिग्नल कमी झाला की खरखर वाढत जाते, पण शब्द बराच वेळ कळत राहतो. डिजिटलचं तसं नाही. सिग्नल पुरेसा असेतोवर आवाज स्वच्छ. जरा कमी झाला की आवाज तुटतो आणि मग कड्यावरून पडावा तसा एकदम बंद. दुसऱ्या बाजूला डीआरएममध्ये आपत्तीच्या इशाऱ्याची खास सोय आहे. केंद्रानं इशारा सोडला की चालू असलेला संच आपोआप त्या इशाऱ्याकडे वळू शकतो आणि मजकूर पडद्यावर अक्षरांत दाखवू शकतो. ‘साठ हजार’ लिहूनच आलं तर वादच मिटला. मात्र त्यासाठी डीआरएमचा संच हवा. जुन्या रेडिओवर ते लागत नाही. सध्या काही नव्या मोटारींमध्ये ही सोय येते.

मोबाईलवर अॅपमधून ऐकलेला रेडिओ वेगळाच. तो इंटरनेटवरून येतो, काही सेकंद उशिरा येतो आणि टॉवर बंद पडला की तोही बंद. मोबाईलमधला खरा एफएम रेडिओ मात्र हवेतून थेट येतो. त्याला ना रिचार्ज लागतो ना रेंज. २०२३ मध्ये केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने मोबाईल कंपन्यांना फोनमधली एफएमची सोय बंद करू नये अशी सूचना दिली. त्यामागं आपत्तीच्या वेळी माहिती पोहोचावी हेही एक कारण होतं.

आजच करून ठेवण्यासारखं

मोबाईलमध्ये एफएमचं बटण आहे का ते पावसाळ्याआधीच बघून ठेवा. बहुतेक फोनमध्ये वायरचा इअरफोन लावल्याशिवाय एफएम चालत नाही, कारण ती वायरच अँटेना असते. ब्लूटूथचा इअरफोन त्या कामाला येत नाही. वायर गुंडाळून ठेवू नका, सरळ लोंबू द्या. पत्र्याच्या घरात असाल तर खिडकीपाशी किंवा ओसरीवर या. खरखर आली तर मोनो करा.

मोबाईलच्या इक्वलायझरमध्ये ‘बास’ वाढवलेला असेल तर बातम्या ऐकताना तो काढून टाका. बास वाढवला की ‘आ’ आणखी भरदार होतो आणि ‘स’ आणखी बुडतो. घरात कुणाला ऐकायला कमी येत असेल तर हे जास्तच लक्षात ठेवा. वयाबरोबर आधी उंच पट्टीच ऐकू येईनाशी होते. आजोबांना आवाज ऐकू येतो पण शब्द कळत नाही, त्याचं हेही कारण असू शकतं. आवाज मोठा करून फरक पडत नसेल तर ‘ट्रेबल’ थोडा वाढवून बघा.

आणि केंद्रात माईकसमोर बसणाऱ्यांसाठी एक जुनी, कुठल्याही यंत्राशिवाय चालणारी युक्ती आहे. आकडा एकदा शब्दात सांगायचा आणि एकदा अंक फोडून सांगायचा. ‘साठ हजार क्युसेक. सहा, शून्य. साठ हजार.’ पहिला ‘स’ खरखरीत गेला तरी पाठोपाठ ‘सहा-शून्य’ येतं. ‘आठ’ असतं तर शून्य आलंच नसतं.

मग आजीला विचारावं लागत नाही. दावी वेळेवर सुटतात.